कारभाराचा हिशेब : लोकप्रशासन शिकणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : "मी लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजातच वाढलो, त्यामुळे हा विषय ख्रिस्ती दृष्टीने समजून घ्यावा अशी इच्छा आहे. वर्गात सांगतात की प्रशासन तटस्थ असते, तिथे धर्माचे काम नाही. मंडळीत सांगतात की लाच घेऊ नकोस, खोटे बोलू नकोस, एवढे केलेस की झाले. मग ख्रिस्ती दृष्टीचे लोकप्रशासन असे खरोखर काही असते का? असेल तर प्रबंधात ते मांडायचे कसे? माझे मार्गदर्शक म्हणतात, बायबल बाहेर ठेवा."

एकवीस वर्षे मी प्रशासकीय सेवेत होतो आणि त्यानंतर चौदा वर्षे हाच विषय शिकवला. तुमच्या प्राध्यापकांचे आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मी दोन्हीकडून अनेकदा ऐकले आहे, आणि दोघांविषयी आदर ठेवून सांगतो की दोघांकडून एकच गोष्ट सुटते. प्राध्यापक श्रद्धेला कार्यालयाच्या दाराबाहेर थांबवतात. मंडळी तिला अधिकाऱ्याच्या खाजगी सचोटीपुरती ठेवते. पण प्रशासनाचे रोजचे काम या दोहोंच्या मधे असते : कोणाला काय द्यायचे, कोणत्या क्रमाने, कोणत्या नियमाखाली, नाकारायचे तर कोणत्या कारणाने, आणि चूक झाली तर जाब कोणाला द्यायचा. ख्रिस्ती दृष्टीचा उपयोग मला तरी या मधल्या जागेत झाला. तो माणसाविषयीच्या एका जुन्या शिकवणीतून झाला : माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे, आणि तोच माणूस पापात पडलेला आहे. ही दोन्ही विधाने एकाच वेळी धरून ठेवली की तुमच्या क्रमिक पुस्तकातले बरेच वाद निराळे दिसू लागतात. पुढे जे लिहितो आहे ते सगळे याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी तटस्थतेविषयी, कारण तिथे आपल्याकडचे विद्यार्थी घाईने भांडायला उठतात. तटस्थ प्रशासनाची कल्पना कशातून जन्मली ते पाहा. ब्रिटनमध्ये १८५४ च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने वशिल्याच्या नेमणुकांऐवजी स्पर्धा परीक्षा सुचवल्या. अमेरिकेत निवडणूक जिंकणारा पक्ष सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांना वाटत असे. १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली, आणि १८८३ मध्ये पेंडलटन कायदा होऊन गुणवत्तेवर भरती सुरू झाली. १८८७ मध्ये, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या वुड्रो विल्सन यांचा प्रशासनाच्या अभ्यासावरचा प्रसिद्ध निबंध आला, ज्याला बहुतेक पुस्तके या विषयाचा आरंभ मानतात. पुढे जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी आदर्श नोकरशाहीचे वर्णन करताना राग-लोभाविना काम करणारा अधिकारी उभा केला. ख्रिस्ती माणसाने याला विरोध का करावा? बायबलमधल्या लेवीय १९:१५ मध्ये न्याय करताना गरिबाचीही तरफदारी नको आणि बलवानाचीही भीड नको, असे स्पष्ट आहे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर जवळजवळ कार्यालयातलाच प्रसंग आहे : सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला उभे ठेवणे. निःपक्षपातीपणा ही तर आपलीच शिकवण. तिला परके म्हणून ढकलू नका.

अडचण पुढे येते, जेव्हा निःपक्षपाती याचा अर्थ मूल्यांशी संबंध नसलेला असा घेतला जातो. अमेरिकन अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९४७ च्या आपल्या ग्रंथात तथ्य आणि मूल्य वेगळे करून प्रशासनाचे शास्त्र तथ्यांच्या बाजूने उभारायचा प्रयत्न केला. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, ड्वाइट वाल्डो यांनी दाखवून दिले की कार्यक्षमता हा शब्दच रिकामा आहे, ती कशासाठी हे ठरल्याशिवाय तिला अर्थ येत नाही. हा वाद बारकाईने वाचा. सायमन यांच्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. निर्णय घेणाऱ्याची बुद्धी, वेळ आणि माहिती मर्यादित असते, त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतो, असे त्यांनी मांडले. माणूस निर्माणकर्ता नसून निर्मिलेला आहे, त्याचे ज्ञान तोकडे आहे, असे मानणाऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. उलट माझा अनुभव असा की ही मर्यादा मनापासून मान्य असलेले अधिकारी जास्त विचारपूस करतात आणि जास्त वेळा स्वतःचा निर्णय दुरुस्त करतात.

विल्सन यांच्याविषयी एक गोष्ट मात्र कोणी वर्गात सांगितली नाही तर स्वतः शोधून वाचा. ते प्रेस्बिटेरियन पाळकाचे चिरंजीव होते, स्वतः श्रद्धाळू होते. ते अध्यक्ष झाल्यावर १९१३ पासून केंद्र सरकारच्या काही खात्यांत काळ्या आणि गोऱ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्याची पद्धत त्यांच्या प्रशासनात पसरली, आणि काळ्या नागरिकांनी गाऱ्हाणे मांडल्यावर त्यांनी तिचे समर्थन केले. विषयाचा जनक, ख्रिस्ती घरातला, प्रार्थना करणारा माणूस, आणि त्याच्या कारभारात देवाच्या प्रतिरूपाची अशी विटंबना. अधिकारी श्रद्धाळू आहे म्हणजे प्रशासन ख्रिस्ती शिकवणीला धरून चालले असे कधीही गृहीत धरू नका. वैयक्तिक भक्ती एका खोलीत आणि फाइल दुसऱ्या खोलीत, असे सहज होऊ शकते.

आता ज्या वादातून मी ही दृष्टी शिकवायला सुरुवात करत असे, तो. १९४० मध्ये राज्यशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिक यांनी मांडले की आधुनिक प्रशासन इतके गुंतागुंतीचे आहे की अधिकाऱ्याच्या आतल्या जबाबदारीच्या जाणिवेवर आणि त्याच्या व्यावसायिक ज्ञानावर भिस्त ठेवावीच लागते. १९४१ मध्ये हर्मन फायनर यांनी उत्तर दिले : आतल्या जाणिवेवर विसंबणे धोक्याचे आहे, लोकप्रतिनिधी, कायदा आणि शिक्षा यांचा बाहेरून धाक हवा. परीक्षेत विद्यार्थी दोघांचा समन्वय हवा असे लिहून मोकळे होतात. समन्वय हवा हे खरे, पण का हवा? फ्रीडरिक यांचे म्हणणे खरे ठरते, कारण माणसात सदसद्विवेक आहे, तो केवळ शिक्षेच्या भीतीने हलणारे यंत्र नाही. फायनर यांचे म्हणणे खरे ठरते, कारण तोच माणूस स्वतःला फसवण्यात फार तरबेज असतो, आणि चांगला माणूस तर जास्तच, कारण त्याला आपल्या चांगुलपणाची खात्री असते. प्रतिरूप आणि पतन, दोन्ही. लेखापरीक्षण, निविदा समिती, दोन सह्यांचा नियम, माहिती मागण्याचा नागरिकाचा हक्क या गोष्टी अधिकाऱ्यावरचा अविश्वास आहेत असे मानून दुखावणारे प्रामाणिक अधिकारी मी पाहिले आहेत. ज्याने दर उपासनेत पापांची कबुली दिली आहे त्याला तरी त्यांचे वाईट वाटू नये.

इथे आपल्या भाषेने आपल्याला एक देणगी दिली आहे. लूक १६ मधल्या दाखल्यात धनी ज्याच्याकडे हिशेब मागतो, त्याला मराठी बायबलमध्ये कारभारी म्हटले आहे, आणि आपण सरकार चालवण्यालाही राज्यकारभारच म्हणतो. मूळ ग्रीक शब्द ओइकोनोमॉस. हाच शब्द रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात एरास्त नावाच्या माणसासाठी येतो, जो नगराचा कारभार पाहणारा अधिकारी होता. म्हणजे पहिल्या शतकातल्या मंडळीत नगर प्रशासनातला माणूस होता, आणि त्याच्या हुद्द्याला जो शब्द, तोच येशूच्या दाखल्यातल्या कारभाऱ्यालाही आहे. कारभाऱ्याच्या हातात सत्ता असते, पण मालमत्ता त्याची नसते, आणि हिशेब मागितला जाणार हे ठरलेले असते. उत्तरदायित्व हा शब्द वर्गात ऐकाल तेव्हा हा कारभारी डोळ्यांसमोर आणा.

बायबलमधले प्रशासनाचे प्रसंग वाचताना मात्र एक विनंती आहे : ते प्रशासनाचा विद्यार्थी म्हणून वाचा, शेवटपर्यंत वाचा. मिसरच्या राजाचा, म्हणजे फारोचा, कारभार पाहणाऱ्या योसेफाचेच घ्या. सुकाळाच्या सात वर्षांत उत्पन्नाचा पाचवा हिस्सा साठवायचा, गावोगावच्या शेतांचे धान्य जवळच्या नगरात ठेवायचे, दुष्काळात ते बाहेर काढायचे. उत्पत्ती ४१ मधले हे नियोजन पाहून प्रत्येक युवक मेळाव्यात योसेफाचे कौतुक होते. अध्याय ४७ कोणी उघडत नाही. तिथे त्याच धान्याच्या बदल्यात लोकांचा आधी पैसा जातो, मग गुरे, मग जमीन, आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास होतात. लोकांचे प्राण वाचले, ते स्वतःच योसेफाचे आभार मानतात, हेही तिथे लिहिले आहे. पण संकटकाळात सरकारच्या हातात एकवटलेली सत्ता संकट संपल्यावर परत गेली नाही. आणखी एक बारीक गोष्ट : याजकांच्या जमिनी तेवढ्या सुटल्या. कारण दिले आहे की त्यांना फारोकडून नेमणूक मिळत असे. योसेफाचा सासरा ओन नगरीचा याजक होता हेही उत्पत्तीतच आहे. शास्त्र या दोन गोष्टी जोडत नाही, म्हणून मीही आरोप करणार नाही. पण लेखापरीक्षकाने प्रश्न विचारला असता की नाही? विद्यार्थ्यांना हा अध्याय दिला की वर्गात तासभर चर्चा चालत असे, आणि ती आपत्ती व्यवस्थापनाच्या कोणत्याही तासाइतकी खोल जात असे.

मला सर्वांत आवडणारा प्रसंग प्रेषितांची कृत्ये याच्या सहाव्या अध्यायातला. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोजचे वाटप होत होते. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना नीट मिळते. वाटप करणारे लोक दुष्ट होते असे कुठे म्हटलेले नाही. भाषा वेगळी, ओळख कमी, यादीत नाव येत नाही. आजच्या कोणत्याही कल्याणकारी योजनेत होते तेच. प्रेषितांनी काय केले पाहा. तक्रारदारांना कुरकुरे म्हणून गप्प केले नाही. आपल्याकडे दोन कामे एकत्र आल्याने एक बिघडते आहे हे कबूल केले. वाटपासाठी सात माणसांचे वेगळे पद तयार केले, पात्रतेच्या अटी जाहीर केल्या आणि निवड लोकांवर सोपवली. आता ती सात नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प आणि पुढची पाच, सगळी ग्रीक नावे. ज्या गटावर अन्याय झाला होता त्याच्याच बाजूची माणसे वाटपावर नेमली गेली असावीत, असे त्यावरून दिसते. प्रतिनिधिक नोकरशाही, म्हणजे समाजातल्या गटांचे प्रतिबिंब नोकरवर्गात असणे, हा विषय तुमच्या अभ्यासक्रमात येईल तेव्हा हे पान शेजारी ठेवा.

आणि निर्गम १८ वाचताना हे विसरू नका की हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमण्याचा सल्ला मोशेला देणारा इथ्रो मिद्यानी होता, बाहेरचा होता. कामाची वाटणी कशी करावी हे मोशेला परक्याकडून शिकावे लागले आणि तो शिकला. वेबर, सायमन, वाल्डो यांच्याकडून शिकताना संकोच वाटू लागला तर इथ्रो आठवा. नायकांच्या पात्रतेत लाचेचा द्वेष करणारे अशी अट त्याने घातली आहे, पण त्याआधी कर्तबगार असा शब्द आहे. भक्ती कमी पडली म्हणून फसलेल्या योजनांपेक्षा अंदाजपत्रक नीट वाचता न आल्याने फसलेल्या योजना मी अधिक पाहिल्या. संख्याशास्त्र आणि प्रशासकीय कायदा हे पेपर कंटाळवाणे वाटतात, तरी तेच जीव लावून करा.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण पुस्तकातून मला जे कळले नव्हते ते तिने शिकवले. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे एका विधवेचा कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज आला. नवऱ्याचे नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर जरा वेगळे होते. मी शेरा मारला : नावात तफावत, पूर्तता करावी. ती परत आली, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्यांदाही. मी नियमाने वागत होतो, कोणाकडून काही घेत नव्हतो, मंडळीने सांगितलेली सचोटी पुरेपूर पाळत होतो. चौथ्या खेपेला माझ्या शाखेतल्या एका जुन्या लिपिकाने काही न बोलता त्याच नियमावलीचे एक पान उघडून माझ्यापुढे ठेवले. किरकोळ तफावत असेल तर अधिकाऱ्याने स्वतः चौकशी करून, दोन साक्षीदारांचे जबाब घेऊन, कारणे नोंदवून अर्ज मंजूर करावा, असे त्यात लिहिले होते. मी ते कलम कधी वाचलेच नव्हते. पहिल्या अर्जापासून अकरा महिने गेले होते. तेवढे दिवस तिने कशावर काढले हे मी विचारलेही नव्हते.

त्या दिवसापर्यंत मला वाटत असे की दया म्हणजे नियम थोडा वाकवणे, आणि प्रामाणिक माणसाने तो मोह टाळावा. दया करायला मला नियम मोडावा लागणार नव्हता, तो अधिक काळजीने वाचावा लागणार होता. पुढे मायकेल लिप्स्की यांचा १९८० चा ग्रंथ वाचला. नागरिकाला प्रत्यक्ष भेटणारे कर्मचारीच धोरणाला शेवटचा आकार देतात, आणि कामाचा भार वाढला की ते रांगा, खेटे आणि कागदांच्या मागण्या यांतून सेवेचे रेशनिंग करू लागतात, असे ते सांगतात. मी नेमके तेच करत होतो. विवेकाधिकार, म्हणजे परिस्थिती पाहून ठरवण्याची अधिकाऱ्याला दिलेली मुभा, हा प्रकरणाचा मथळा म्हणून पाठ करू नका. प्रत्येक नियमात माणसासाठी ठेवलेली जागा शोधायची सवय लावा, आणि ती वापरताना कारणे लिहायची सवय लावा, म्हणजे उद्या तशाच परिस्थितीतल्या दुसऱ्या अर्जदाराला तोच न्याय मिळेल. कारण न लिहिता दाखवलेली दया लवकरच मेहरबानी होते.

मेहरबानीवरून ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या एका खास मोहाकडे येतो. आपल्या मंडळीतला माणूस कार्यालयात येतो. ओळखीने हसतो. त्याचे काम रास्तच असते, फक्त रांगेत सत्तर अर्ज पुढे असतात. आपल्याला वाटते, भावाला मदत करणे हे तर प्रेम आहे. ते सत्तर जणही देवाच्याच प्रतिरूपात आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाला आपले प्रार्थनागीत येत नाही एवढाच त्यांचा दोष. परक्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला ज्याने सांगितला त्याचे अनुयायी आपण. आपल्या गटाला झुकते माप देणे हे आपल्याकडून तरी होऊ नये. पदाचा उपयोग धर्मप्रसारासाठी करणे हेही मी चूकच मानतो. टेबलापलीकडचा माणूस तुमच्या सहीवर अवलंबून आहे, तो मोकळेपणाने नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यापुढे साक्ष देणे म्हणजे दडपण आणणे. कोणी कामाबाहेर, मोकळेपणी विचारले तर उत्तर द्या.

सत्तेच्या आज्ञेविषयी मंडळीत, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा असे सांगणारा रोमकरांस १३ वाचला जातो आणि चर्चा तिथेच थांबते. त्याच अध्यायात अधिकाऱ्याला दोन-तीनदा देवाचा सेवक म्हटले आहे. हे वाक्य नागरिकाला जितके बांधते तितकेच, किंबहुना अधिक, अधिकाऱ्याला बांधते, कारण सेवकाच्या वर कोणीतरी आहे. माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानावी असे सांगणारे प्रेषितांची कृत्ये ५:२९ आणि सत्तेला पशूच्या रूपात दाखवणारा प्रकटीकरणाचा तेरावा अध्याय त्याच्याबरोबर वाचल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही. १९३४ मध्ये हिटलरच्या जर्मनीत बार्मेन येथे जमलेल्या मंडळींनी जाहीरनामा काढला. न्याय आणि शांती राखणे हे राज्याला देवाने नेमून दिलेले काम आहे असे त्यांनी मान्य केले, आणि राज्याने मानवी जीवनाची एकमेव व संपूर्ण व्यवस्था होऊ पाहणे मात्र नाकारले. पुढे त्याच देशात ज्यूंच्या संहारासाठी माणसांच्या याद्या, रेल्वेची वेळापत्रके, मालमत्ता जप्तीचे नमुने सुरळीत चालवणारे हजारो कर्मचारी होते. त्यांतले पुष्कळ चर्चला जाणारे. १९९८ मध्ये गाय ॲडम्स आणि डॅनी बॅल्फोर यांनी प्रशासकीय दुष्टपणा या नावाने हा विषय लोकप्रशासनात मांडला : प्रत्येक जण आपला तुकडा नीट करतो आणि सगळे मिळून भयंकर काही घडते, तरी कोणाला आपण वाईट केले असे वाटत नाही. पापाचा सिद्धांत मानणाऱ्यांनी हे सर्वांत आधी ओळखायला हवे होते. अभ्यासक्रमात तो ग्रंथ नसला तर ग्रंथालयातून काढा.

पण प्रत्येक न पटणारा आदेश हा सदसद्विवेकाचा प्रश्न नसतो. मला पटत नाही आणि हे अन्यायाचे आहे, यांत फरक आहे. पहिल्या बाबतीत आपले मत टिपणीत स्पष्ट लिहायचे आणि निर्णय झाला की मनापासून राबवायचे. दुसऱ्या बाबतीत, बाबेलच्या राजाकडे बंदी म्हणून नेलेल्या दानीएलाचा पहिला अध्याय उपयोगी पडतो. राजाचे अन्न नको हे त्याने ठरवले होते, पण त्याने दंगा केला नाही. वरिष्ठाची भीती समजून घेतली आणि दहा दिवसांचा प्रयोग सुचवला, ज्याचा निकाल वरिष्ठालाच तपासता येईल. लेखी विरोध, पर्यायी प्रस्ताव, ते काम दुसऱ्याकडे देण्याची विनंती, कायदेशीर वाट, आणि काहीच उरले नाही तर राजीनामा, असा क्रम मी पाळला. राजीनाम्यापर्यंत वेळ आली नाही. एका प्रकल्पात माझ्या विरोधी टिपणीमुळे बदली मात्र झाली, आणि ती टिपणी दोन वर्षांनी चौकशीत उपयोगी पडली. लिहून ठेवलेला कागद किती बोलतो हे तेव्हा कळले.

केंद्र, स्थानिक संस्था आणि समाज यांच्यातल्या कामाच्या वाटणीविषयी ख्रिस्ती परंपरेत दोन मोठे विचार आहेत, ते थोडक्यात सांगतो. जे काम खालच्या, जवळच्या पातळीवर नीट होऊ शकते ते वरच्याने हिसकावू नये, हे तत्त्व कॅथलिक चर्चच्या १९३१ च्या परिपत्रकात ठळकपणे मांडले गेले आणि १९९२ च्या मास्ट्रिख्ट करारातून युरोपीय संघाच्या कायद्यात आले. दुसरा विचार नेदरलँड्सचे अब्राहम कायपर यांचा. १८८० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठाच्या उद्घाटनाला त्यांनी मांडले की कुटुंब, विद्या, व्यापार, चर्च, राज्य या प्रत्येक क्षेत्राला देवाने स्वतःचा अधिकार दिला आहे आणि एकाने दुसऱ्यावर कुरघोडी करू नये. ते पुढे १९०१ ते १९०५ पंतप्रधान होते, म्हणजे हा विचार सत्तेत बसून अजमावलेला आहे. पहिला विचार वर-खाली पाहतो, दुसरा शेजारी-शेजारी. विकेंद्रीकरणावर निबंध लिहाल तेव्हा हा फरक कामाला येईल.

विद्यापीठ निवडण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण बरेच जण विचारतात. ख्रिस्ती विद्यापीठात शिकलात तर प्रश्न मोकळेपणाने विचारता येतात, आणि धोका हा की सगळे एकमताचे असल्याने युक्तिवाद बोथट राहतात. सर्वसाधारण विद्यापीठात उलट होते. तुम्ही दुसऱ्या प्रकारात आहात. चार-पाच जणांचा वाचनगट करा आणि त्यात निदान एक जण असा घ्या ज्याला तुमची श्रद्धा मान्य नाही.

शेवटी प्रबंध. तुमचे मार्गदर्शक बायबल बाहेर ठेवा म्हणतात त्याचे कारण बहुधा वाईट अनुभव हे असावे, कारण असे प्रबंध मीही तपासले आहेत. भ्रष्टाचार वाढला आहे, नीतिसूत्रे असे सांगतात, म्हणून अधिकाऱ्यांनी देवाचे भय बाळगावे. तीन ओळींत संपणारी ही मांडणी दीडशे पाने चालते. वचन तिथे पुराव्याच्या जागी बसवलेले असते. ज्याला ते मान्य आहे त्याला प्रबंधाची गरज नाही आणि ज्याला मान्य नाही त्याच्यासाठी त्यात काही नाही. श्रद्धेची खरी जागा प्रश्न निवडण्यात आणि संकल्पना तासण्यात आहे. पद्धत, माहिती आणि निष्कर्ष हे कोणत्याही वाचकाला तपासता आले पाहिजेत, आणि निकाल तुमच्या अपेक्षेविरुद्ध येण्याची शक्यता खरी असली पाहिजे.

उदाहरणादाखल दोन विषय देतो. एक : सरकारी अनुदानावर सेवा देणाऱ्या ख्रिस्ती संस्थांमध्ये ख्रिस्तेतर लाभार्थ्यांना प्रवेश, प्रतीक्षेचा काळ आणि तक्रारीचे निवारण यांत काही फरक पडतो का? उत्तर आपल्याला लाजवणारे आले तरी छापायची तयारी ठेवून हा विषय घ्यावा. दुसरा माझ्या मनाच्या जवळचा : एखाद्या कल्याणकारी योजनेच्या नियमात अधिकाऱ्याला सवलतीचा विवेकाधिकार दिलेला असतो, तो प्रत्यक्षात किती प्रकरणांत वापरला जातो, कोणासाठी, आणि कारणे नोंदवली जातात का? शंभर-दोनशे निकाली फाइली पाहायची परवानगी मिळवा, कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घ्या, लिप्स्की यांची चौकट वापरा. सैद्धांतिक प्रकरणात न्याय आणि दया यांच्या नात्यावर ख्रिस्ती परंपरेत काय विचार झाला आहे ते इतर नैतिक विचारधारांबरोबर, त्याच शिस्तीने मांडा. प्रस्तावनेत चार ओळींत सांगा की आपण कुठून आलो आणि म्हणून हा प्रश्न आपल्याला का दिसला. एवढी कबुली संशोधनाच्या शिष्टाचारात बसते, आणि ती दिली की परीक्षकाला तुमचा कल तपासता येतो.

मार्गदर्शकांकडे एक पान घेऊन जा. त्यावर संशोधनाचा प्रश्न, कोणत्या फाइली आणि किती, परवानगी कोणाकडून, आणि कोणता निकाल आला तर तुमचे गृहीतक चुकले असे मानाल, एवढेच असू द्या. पहिल्या भेटीत शास्त्रभाग काढू नका. हा प्रश्न तुम्हाला सुचला कसा असे त्यांनी विचारले, तर मात्र खरे ते सांगा.